टाइमरला दोनदा सांगणे

सोमवार, ३ मार्च. सकाळी सात.
आजपासून नियम: आधी जप, मग कोड, मग चहा.
टाइमरच्या ड्रायव्हरचा, म्हणजे टाइमर चालवणाऱ्या कोडचा, रिव्ह्यू साहेबांनी माझ्याकडे दिला; ओळ न् ओळ तपासून शेरे द्यायचे. कोड लिहिलाय हळूबाईने. दोन वर्षांपूर्वी आली, फार हळू बोलते, म्हणून हे नाव. दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये आमचा तापमान मोजणारा डबा बसतो. बॅटरी वाचवायला झोपतो. दर पंधरा मिनिटांनी टाइमर त्याला उठवतो, तापमान नोंदवून तो पुन्हा झोपतो. उठलाच नाही, तर औषध खराब झालेलं कोणाला कळणारही नाही. जबाबदारीचं काम.
एप्रिलमध्ये मुख्य रिव्ह्यूअरची जागा भरायची आहे. साहेब काही बोलले नाहीत, पण मी समजलो.
बुधवारपर्यंत संपवीन.

बुधवार, ५ मार्च.
चहा आधी झाला. सहाशेपैकी चाळीस ओळी वाचल्या. घाई बरी नव्हे.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी.
एकेचाळीस शेरे दिले. बहुतेक स्पेलिंग आणि रिकाम्या ओळी. डोळे दुखतात.
मग सापडली. उठायची वेळ टाइमरमध्ये लिहिणारी ओळ एकाखाली एक दोनदा. अक्षर न् अक्षर तेच. गावच्या शाळेत गुरुजी द्विरुक्ती लाल शाईने खोडत. शेरा बेचाळिसावा: ‘द्विरुक्ती. दुसरी ओळ काढावी.’
हळूबाई माझ्या जागेवर आली. टाइमर आतून संथ चालतो, पहिल्यांदा लिहिलेलं कधीकधी घेतच नाही, असं काहीसं म्हणाली. अर्धं ऐकू आलं. मी म्हटलं, शहाण्याला शब्दाचा मार पुरे. तिने ओळ काढली. मी मंजुरी दिली.

शनिवार, ८ मार्च.
घरी हिला सगळं समजावलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “रोज एकच नाव एकशे आठ वेळा घेता. देवाला पहिल्यांदा ऐकू येत नाही का?”
परमार्थ वेगळा, ड्रायव्हर वेगळा. हिला तांत्रिक बाजू कळत नाही.

सोमवार, १० मार्च.
शुक्रवारी आठ डबे चाचणीला लावले होते. तीन शनिवारपासून झोपलेलेच. पाच उत्तम उठतात. बहुमत माझ्या बाजूने. दोष बॅटरीचा.

मंगळवार, ११ मार्च.
बॅटऱ्या बदलल्या. आता चार झोपले.
ती ओळ कोणी काढली, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर हळूबाई सांगत होती, “मी काढली, सर. पटलं नव्हतं, तरी काढली. चूक माझी.”
आज प्रथमच तिचं बोलणं खोलीभर ऐकू गेलं. माझं नाव तिने घेतलं नाही. साहेबांच्या स्क्रीनवर बेचाळिसावा शेरा मात्र उघडा होता, माझ्या नावासकट.

गुरुवार, १३ मार्च.
दुसरी ओळ परत घातली. आठही डबे उठले. जपात मन लागलं नाही. मणी कुठवर आले ते विसरलो.

मंगळवार, १ एप्रिल.
जागा हळूबाईला. यापुढे माझाही कोड तीच तपासणार. वाईट वाटलं नाही. सकाळीच ऐंशी ओळी पाठवल्या. ती काय काय शेरे देईल याचा अंदाज घेऊन उत्तरं लिहून ठेवली. नम्र, पण ठाम.

साडेसहा.
मंजूर. एकही शेरा नाही. निघताना स्पेलिंगच्या तीन चुका मलाच दिसल्या.
तिला दिसल्या नसतील.