मेरीच्या बारा बिस्किटांची वजाबाकी

सॅक्रामेंटो
मे महिन्याचा शेवट

वडीलबंधू गौस लाला यांना धाकट्या मस्तूराचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? मुलं, सुना, नातवंडं आणि खालच्या मजल्यावरचा तो जर्मन म्हातारा, ज्याला तुमच्याकडच्या कांदा परतण्याचा त्रास होतो, हे सगळे कसे आहेत? प्रत्येकाचं वेगळं लिहा. "सगळे ठीक" असं लिहून मोकळे होऊ नका. मी ठीक आहे. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, उन्हाळ्याच्या सुट्टीत हॅम्बुर्गला येतेस का. मी कळवलं, नको, उगाच तुम्हाला त्रास. त्यावर तुमचं उत्तर आलं, "बरं." विषय संपला. हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र वजाबाकीबद्दल आहे.

माझा वर्ग तुम्हाला माहीत आहे. मिसरूड फुटलेली मुलं, ओढणी सावरणाऱ्या मुली, सगळी आपल्याकडची. कुणाची शाळा लोगरमध्ये बंद पडली, कुणाची देश बदलता बदलता वाटेत हरवली. इंग्रजी अजून अडखळत बोलतात आणि गणित जिथं सुटलं तिथंच उभं आहे, म्हणजे हातच्यापाशी. (काबूल विद्यापीठातून गणित घेऊन बाहेर पडले तेव्हा वाटलं नव्हतं, की उतारवयात मी कॅलिफोर्नियात बसून हातचा शिकवीन. पण हातचा न येणाऱ्याला कलनशास्त्र शिकवण्याइतकी मी अजून मूर्ख झालेली नाही.) यात स्पोगमई नावाची एक मुलगी आहे. वर्गात सगळ्यांत मोठी, सगळ्यांत शांत. शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष. मे महिन्यातली अंकगणिताची परीक्षा पास झाली तर तिला रुग्णसेविकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश, नाहीतर तिच्या मामानं एका हॉटेलच्या धुलाईखान्यात तिच्यासाठी जागा सांगून ठेवलेली. चादरींना वाईट म्हणत नाही मी, पण या पोरीला चादरी धुवायच्या नव्हत्या, त्यांवर झोपलेल्यांचा ताप बघायचा होता.

तर वजाबाकी. पुस्तकात पहिलंच उदाहरण असं: मेरीकडे बारा बिस्किटं आहेत. ती टॉमला पाच देते. मेरीकडे किती उरली? मी फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवते न ठेवते तोच अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, बारा. मला वाटलं, इंग्रजी कळलं नाही. मग आपल्या भाषेत सांगितलं. उत्तर बाराच. शेवटी इद्रीस (हा कुंदूझचा, जिभेला हाड नाही) उठून म्हणाला, "मालिमसाहिब, तिनं एकदाच दिली ना? मग टॉम कशी घेईल? पहिल्यांदा कोण घेतं?" मागून कुणीतरी म्हणालं, फारच आग्रह झाला तर एक उचलेल, मान राखायला. तिसरा म्हणाला, पाच घेतली तर घरी गेल्यावर टॉमची आई त्याला सोलून काढेल. त्यावर टॉमच्या आईच्या स्वभावावर चर्चा सुरू झाली. बेरजेतही तेच. घरात चार माणसं, तीन पाहुणे आले, ताटं किती लागतील? सात हे उत्तर एकानंही दिलं नाही. इद्रीसनं पंधरा सांगितली आणि वर मलाच विचारलं, "सातच मांडायची? लोक काय म्हणतील?" भागाकाराचं तर नावच काढू नका. खिमा भरून उकडलेले चोवीस मंतू सहा जणांत वाटायचे म्हटल्यावर स्पोगमईनं हळूच विचारलं, "यात पाहुणा कोण आहे?" पाहुणा कोण ते कळल्याशिवाय ती पेन्सिल उचलेना.

आमचे उपमुख्याध्यापक डिकरसन हे चांगले गृहस्थ आहेत, उंच आणि नेहमी काळजीत. त्यांनी निदान केलं, की मुलांना इंग्रजी शब्द कळत नाहीत. म्हणून ते एक दिवस प्लॅस्टिकची बिस्किटं घेऊन वर्गात आले. इद्रीससमोर डबा धरला आणि सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, पाच घे. इद्रीसनं छातीवर हात ठेवला, मान लववली आणि शुद्ध इंग्रजीत म्हणाला, "नको सर, तुम्हीच घ्या, तुम्ही दमला असाल." डिकरसनांनी वहीत लिहून घेतलं, भाषेची आणखी मदत हवी. लाला, प्लॅस्टिकच्या बिस्किटाला नको म्हणणारी मुलं मी पहिल्यांदा पाहिली आणि खरं सांगते, मला त्यांचा राग यायला हवा तितका आला नाही.

पण राग आणला. तुम्ही मला ओळखता. मला लाडीगोडी जमत नाही आणि नको-नको घ्या-घ्याचा खेळ तर मुळीच आवडत नाही. मी सरळ बाई आहे. मी दार लावलं आणि सांगितलं, ऐका. हे जे पुस्तकातले लोक आहेत, मेरी, टॉम आणि मंडळी, यांना कुणीही वळण लावलेलं नाही. हे एकदा विचारलं की घेतात, मोजून ताटं मांडतात आणि पाहुण्याला घरच्याइतकंच वाढतात. त्यांना सुधारणं आपलं काम नाही. पुस्तकात शिरताना लाज दाराशी काढून ठेवायची, चपलांसारखी. बाहेर पडताना परत घालायची. वर्ग हबकला. मग इद्रीसला त्यात चव लागली आणि आठवड्याभरात तो निर्लज्जपणे वजाबाक्या करू लागला. स्पोगमईला मात्र जड गेलं. ती सात लिहायची आणि टॉमच्या वतीनं कान लाल व्हायचे तिचे. तरी शिकली. बोटांच्या पेरांवर मोजत, ओठ हलवत, रोज सगळ्यांच्या मागे थांबून शिकली.

परीक्षेला देखरेख डिकरसनांची. नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्यांना हवा असेल तर अर्धा तास जास्त मिळतो, तसा नियमच आहे. घंटा झाली तेव्हा स्पोगमईची चार गणितं बाकी होती, येत असलेली. डिकरसन तिच्या बाकाशी वाकले आणि प्रेमानं विचारलं, जास्तीचा वेळ हवा का?

पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, नको सर, आभारी आहे. त्यांनी पेपर उचलला, पाकिटात घातला आणि निघून गेले. खोली रिकामी झाली तरी पोरगी तिथंच बसून होती. ते परत येऊन दुसऱ्यांदा विचारतील म्हणून.

मला ती जिन्यापाशी भेटली. "मालिमसाहिब, त्यांनी परत विचारलंच नाही." मी म्हटलं, गाढवे, तुला काय शिकवलं होतं? लाज दाराशी काढायची! तर म्हणते, "तुम्ही पुस्तकात म्हणाला होतात. ते पुस्तकात नव्हते. समोर उभे होते. आणि त्यांचं जेवणही झालं नव्हतं."  मी चिडले, आणि चिडले की मी भरभर चालते. तिला परत बाकावर जाऊन बसायला सांगितलं आणि मी थेट त्यांच्या ऑफिसात गेले.

डिकरसन सँडविच खात होते. म्हणाले, "मिस मस्तूरा, मी विचारलं, ती नाही म्हणाली. नाही म्हणजे नाही." मी म्हटलं, किती वेळा विचारलंत? म्हणाले, एकदा. मी म्हटलं, आमच्याकडे तीनदा विचारतात. तीन वजा एक किती? त्यांनी तोंडातला घास गिळला. मी म्हटलं, सांगा, हे पायाभूत आहे. म्हणाले, दोन. मी म्हटलं, मग तुमचं दोनदा विचारणं अजून बाकी आहे, आणि उत्तर पुरं झाल्याशिवाय पेपर बंद होत नाही. ते म्हणाले, नियमात असं कुठं आहे? मी नियम पाठ करूनच गेले होते. त्यात लिहिलंय, वेळेबद्दल विद्यार्थ्याला त्याला कळेल अशा रीतीनं विचारावं. एकदा विचारणं ही आमच्या मुलांना न कळणारी रीत आहे. त्यांनी सँडविच खाली ठेवलं, कुणालातरी फोन केला, बराच वेळ हं हं केलं आणि पाकीट घेऊन उठले.

पोरगी बाकावर होती. डिकरसनांनी विचारलं, जास्तीचा वेळ हवा का? आणि लाला, तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, नको सर, कशाला त्रास. मला घाम फुटला. डिकरसनांनाही. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि जवळजवळ गयावया करत म्हणाले, "घे गं बाई, माझ्यासाठी घे." तेव्हा ती म्हणाली, तुम्ही इतका आग्रहच करता आहात, तर घेते.

काल निकाल आला. पास. शेवटच्या गणितात एका बाईकडे केकचे अठरा तुकडे होते, चार पाहुण्यांनी तीन-तीन घेतले, उरले किती. हिनं लिहिलंय सहा. खाली मोडक्या इंग्रजीत आणखी एक ओळ, "पण हे बरं दिसत नाही." डिकरसनांनी ती मला दोनदा वाचून दाखवली. स्पोगमईच्या आईनं शाळेत बटाटा भरलेल्या गरम बोलाणी पाठवल्या. डिकरसन आता शहाणे झालेत. ताट पुढं येताच छातीवर हात ठेवून म्हणाले, नको नको. शेजारी इद्रीस होता, माझा शिकवलेला. त्यानं त्यांच्या वाटणीच्या उचलल्या आणि खाल्ल्या.

वहिनींना सलाम, नातवंडांना पापे. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची बहीण,
मस्तूरा

ता. क. लाला, "बरं" हे उत्तर झालं का? वजाबाकी मला तुम्हीच शिकवलीत, आपल्या काबूलच्या गच्चीवर, सुक्या तुतींवर. (वजा झालेल्या तुती तुम्ही खात होतात, तेही माझ्या लक्षात आहे.) हॅम्बुर्गला राहून माणूस जर्मन होतो हे मी समजू शकते, पण तीन वजा एक तिथंही दोनच होत असणार. तुम्ही दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा मी नकोच म्हणेन. पत्र जायला-यायला वेळ लागतो, म्हणून तो नकार इथंच देऊन ठेवते: नको, वहिनींना कशाला त्रास. आता फक्त तिसऱ्यांदा विचारणं राहिलं.

आणखी ता. क. शाळेची सुट्टी दहा जूनला लागते. बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. धूळ झटकायला.