साडेसात मजूर

बाई, साडेसात हे उत्तर चुकलं होतं हे मला मान्य आहे. पण तुम्ही ज्या कारणासाठी ते चूक ठरवलंत, ते कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आजही पटत नाही. हे तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती. आता तुम्ही चष्म्यावरून बघणार नाही, उलट विचारणार नाही, तेव्हा एकदा लिहून मोकळी होते.

पाथर्डीची शाळा, नववीचा वर्ग, दुष्काळाच्या आदल्या वर्षीची दिवाळी तोंडावर आलेली. तुम्ही फळ्यावर उदाहरण घातलं होतं. काही मजूर एक शेत पाच दिवसांत कापतात, चार मजूर जास्त असते तर तेच शेत तीन दिवसांत झालं असतं, तर मजूर किती? मी मागच्या बाकावर होते, फळ्यावरचे चार मला पाच दिसले. क्ष मानला, समीकरण मांडलं, सोडवलं, आणि क्ष बरोबर साडेसात असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तुम्ही माझी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलीत. "साडेसात मजूर! अर्धा माणूस कुठे बघितलास गं तू?" वर्ग खिदळला. तुम्ही म्हणालात, उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं, दाराबाहेर बघायचं आणि विचारायचं, असं जगात असतं का? नसेल तर पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायचं. मी उभीच होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. मी म्हणाले, "असतो की बाई. आमच्यात असतो. मी हायेच की अर्धा कोयता."

तुम्ही नगरहून आलेल्या, तुम्हाला कुठून माहीत असणार? मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावलंत आणि मी सांगितलं. ऊसतोडीला जोडपं जातं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, ते दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस असला की तो अर्धा. मुकादम टोळी मोजतो ती अशीच, साडेसात कोयते, साडेबारा कोयते, त्यात कुणी हसत नाही. त्या वर्षी गाडीवरून पडून आईचा हात मोडला होता. आबा, म्हणजे माझे वडील, एकटे अर्धेच उरले होते आणि मुकादमाला पुरा कोयता हवा होता. दिवाळी झाली की उरलेला अर्धा मी होणार होते. "मंग परीक्षेला?" असं तुम्ही माझ्याच बोलीत विचारलंत, हे मला अजून आठवतं, कारण तुम्ही तसं कधी बोलत नसायचात.

हेडसरांनी माझं नाव पटावरून कमी करायचं ठरवलं होतं. पाच-पाच महिने मुलगी गैरहजर, तिला वर्गात कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. तुम्ही त्यांच्या खोलीत गेलात, मी दाराशी. "एप्रिलमध्ये परीक्षेला बसेल," तुम्ही म्हणालात. "आणि नापास झाली तर?" "तर तिचं नाव मी माझ्या हातानं कमी करीन." बाहेर येऊन तुम्ही मला सांगितलंत, ऐकलंस ना, आता काय करायचं ते बघ. मग बीजगणिताचं पुस्तक दिलंत, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, आणि तुमचा पत्ता घातलेली दहा पोस्टकार्डं. रोज एक उदाहरण करायचं आणि पंधरा दिवसांनी सगळ्यात अवघड गेलेलं कार्डावर लिहून पाठवायचं. दहा कार्डं हातात धरून मी घरी गेले तेव्हा आईला वाटलं, पोरीला कुठली तरी नोकरीच लागली.

दिवाळीनंतर आम्ही बेलापूरच्या साखर कारखान्याच्या बाजूला होतो. उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची कोपी म्हणजे झोपडी घातलेली, समोर ऊस, मागे ऊस. आबा तोडायचे, मी पाचट काढून मोळ्या बांधायची. उसाच्या पात्यांनी हात असे चिरलेले असायचे की पेन्सिल धरली की झोंबायचं. दुपारी भाकरी खाल्ली की मी पुस्तक काढायची. टोळीतल्या बाया म्हणायच्या, "ह्या पोरीचं लगीन कलेक्टरशी लावा." तुमचं पहिलं उत्तर आलं त्यात शाबासकीचा एक शब्द नव्हता. चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं लिहिलं होतं, आणि खाली नवं काम. तिथून कारखान्याचं धुराडं दिसतं का? त्याची उंची काढ. वर चढायचं नाही. सूर्य आहे, सावली आहे, एक काठी घे. सूर्य इतका लांब आहे की धुराड्यावर आणि काठीवर त्याचं ऊन सारखंच तिरपं पडतं, बाकीचं तुझं तू बघ.

आबा गाडी घेऊन कारखान्यावर निघाले की मी बरोबर जायला लागले. गाड्यांची रांग लांबच लांब, नंबर यायला दिवस जायचा. पहिल्या दिवशी मी जेवणाआधी बैलाच्या दाव्यानं धुराड्याची सावली मोजली, गाड्यांच्या खालून, बैलांच्या पायांतून. काठीची सावली मोजायची राहिली, ती मोजली दिवस कलल्यावर. हिशेब केला तर धुराडं आलं पंचवीस हात. मी पेन्सिल खाली ठेवली. वर बघितलं. फाटकाजवळचा लिंबसुद्धा पंचवीस हातांचा असेल, आणि धुराडं त्याच्या कितीतरी वर धूर ओकत उभं! बाई, त्या दिवशी मी एकटीच मोठ्यानं हसले. तुम्ही वर्गात मला जे बोललात ते मला तिथे, त्या रांगेत कळलं. सूर्य दिवसभर एका जागी बसून माझी वाट बघणार थोडाच होता. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्या होत्या.

आणि त्याला दोन माणसं हवी होती. मी आबांना विचारलं. त्यांनी रांगेतल्या गाड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धरतो. पर बिगी बिगी कर, नंबर आला तर बैलं हालतील." चार हातांची काठी सरळ धरून माझे आबा भर रांगेत उभे आहेत, आणि मागचा गाडीवान ओरडतोय, "काठी धरली तशी झेंडा बी लावा की पाव्हनं!" आबा लाजेनं लाल झालेत, पण काठी हलू देत नाहीत. काठीची सावली पाच हात, धुराड्याची दीडशे. क्ष आला एकशेवीस. आबांनी मान वर करून धुराड्याच्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "असंल. एवढं असंल." माझ्या गणिताला मिळालेली ती पहिली शाबासकी.

नंतर तुम्ही चंद्र लावून दिलात. अमावास्येनंतर रोज सूर्य बुडाला की हात लांब करून चंद्र पश्चिमेच्या उसापासून किती मुठी वर आहे ते मोजायचं. रोज सव्वा मूठ वाढायची. मी लिहून पाठवलं, मुठी बरोबर सव्वा गुणिले दिवस. तुम्ही विचारलंत, मग पंधराव्या दिवशी चंद्र कुठे? पावणेएकोणीस मुठी. मी मोजून बघितलं, नऊ मुठींना तो डोक्यावर येत होता आणि अठरा मुठींना पार पलीकडे पूर्वेला टेकत होता. म्हणजे सूर्य बुडताना पुनवेचा चंद्र पूर्वेला! आबा म्हणाले, "ह्ये तर लेकराला बी ठावं हाय." ठावं होतंच हो. पण ते आभाळाकडे न बघता, कोपीत बसून, पेन्सिलीनं सापडलं होतं, ते मी त्यांना कसं समजावणार? उरलेली पाऊण मूठ जमिनीत गेली असं मी कार्डावर लिहिलं, तर तुम्ही उत्तर दिलंत की मूठ म्हणजे फूटपट्टी नव्हे, तेवढं चालेल. तुम्ही कशाला तरी 'चालेल' म्हणालात ते त्या एकाच वेळी.

मार्चअखेर तुमचं शेवटचं कार्ड आलं. हंगाम संपायला अजून तीन आठवडे होते. मी गेले तर आबा पुन्हा अर्धे, आणि मुकादम आधीच करवादलेला. आबांनी विचारलं, "काय लिवलंय बाईंनी?" त्यांना वाचता येत नव्हतं. मी कार्ड समोर धरलं आणि वाचून दाखवलं, "मुलीला परीक्षेला पाठवा. ती पास होणार, हा माझा शब्द आहे." तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या शिव्या खाऊन त्यांनी मला एसटीत बसवलं. पुढचे तीन आठवडे ते सकाळी तोडत आणि दुपारनंतर स्वतःच मोळ्या बांधत. माझं नाव पटावर राहिलं. गणितात मी वर्गात चौथी आले, आणि तुम्ही विचारलंत, "चौथी का?"

मे महिन्यात टोळी परत आली. आबा धुतलेलं धोतर नेसून, पाच उसांची मोळी खांद्यावर घेऊन मला म्हणाले, "चल, बाईंकडं." तुमच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, "बाई, तुमी सबुद दिलता, म्हनून धाडली. न्हाईतर न्हवतो धाडत." मी त्यांच्या मागे होते. मी आणखी मागे सरकले. फळ्यावरचा एक आकडा चुकला तर वर्ग डोक्यावर घेणाऱ्या तुम्ही! तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ. मग आबांना म्हणालात, "हो, दिला होता. आणि दहावीलाही देते. आत या, पाणी घ्या."

कार्डावर काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. परीक्षेचा दिवस आणि खाली एक ओळ, वर्गसमीकरणं विसरू नकोस. बाकीचं माझं होतं. पुढे दोन वर्षं तुम्ही मला शिकवलंत, त्या जोरावर मी मॅट्रिक झाले, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला लागले, तिथेच निवृत्त झाले. त्या दोन वर्षांत रोज मला वाटायचं की आज तुम्ही मला थांबवून घ्याल आणि चांगली खरडपट्टी काढाल. तुम्ही कधीच काढली नाहीत. आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं, म्हणून दोन्ही राहून गेलं. मी तुमची फार ऋणी आहे, बाई, गणितासाठी आणि त्याहून जास्त त्या 'हो'साठी.

आबा शेवटपर्यंत गावात सांगत राहिले की बाईंनी शब्द दिला म्हणून पोरगी शिकली. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी उशाशी बसले होते आणि आता तरी खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "बाई कशा हायेत गं?" मी म्हणाले, "बऱ्या हायेत, आबा. तुमची आठवण काढत्यात." तुम्हाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.