माझ्या आवाजाशिवायचा अल्बम

उमरगा, शनिवार संध्याकाळ

आमच्या न्यू वेव्ह बँडचा अल्बम आज मोबाइलच्या दुकानात वाजत होता. पोरं रील करतायत त्यावर. तिसरं गाणं माझं, म्हणून थांबले. चाल माझी, सिंथेसायझर माझा, पण आवाज दुसरीचाच! मी 'कुठं' गायले होते, तिथं ती 'कुठे' म्हणते.

लगेच दत्ताला फोन लावला. कॉलेजात आम्ही दोघांनीच हा बँड उभा केला, पुण्याच्या स्टुडिओतही सोबतच गेलो.

"माझा आवाज का काढला रे?"

"अगं, तुझं बोलणं लई गावाकडचं वाटतं म्हणाले स्टुडिओवाले."

"आणि तू काय म्हणालास?"

तो म्हणाला, "अल्बम चाललाय ना पण!"

त्या 'कुठं'वर तर तोच खूश असायचा. मग त्यांच्यापुढं गप्प का बसला? मला साधं सांगावंसंही वाटलं नाही त्याला?

घरी आले, तर आईनं शेजारच्या काकूंना बोलावून ठेवलेलं. "हिनंच म्हटलंय," म्हणत तिनं गाणं लावलं. ऐकता ऐकता आईनं माझ्याकडं बघितलं.

"आवाज बसला होता व्हय गं तुझा?"

मी व्हय म्हणाले.