पाच किलो बाजरी

प्रिय यशू,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, कारण वाचून तू आईवर चिडशील.

अटॅकनंतर माझ्या हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के होतं, ते काल पन्नास आलं. डॉक्टर म्हणाले, आता थोडी कामं करा. आज सकाळीच आईने बाजरीचा डबा माझ्यापुढे आदळला. "जावा, दळून आना. लई दिवस बसून खाल्लं."

सात महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, पोरी! भिंगारच्या भर बाजारातून मी डबा खांद्यावर मिरवत गेलो. धाप लागली नाही. गिरणीपाशी वळून पाहिलं, तर आई समोरच्या दुकानाआड उभी, मुठीत माझ्या जिभेखालच्या गोळ्या.

मी पाहिलंच नाही असं दाखवलं. येताना मात्र मुद्दाम हळू चाललो. तिचे गुडघे दुखतात.

उद्या गहू नेणारे,
तुझे पप्पा