फार तर आयव्हरी

२ मार्च
पित्तनलिकेत स्टेंट बसवून तीन महिने झाले. प्लास्टिकची एवढीशी नळी. एक खडा निघाला नाही, म्हणून ठेवली. तीन महिन्यांनी बदलायचीच, नाहीतर तुंबते, असं डॉक्टरांनी बजावलंय. उद्याची तारीख होती. पण रंगाच्या दुकानात सीझन चालू. शेड जुळवायला माझ्यासारखी नजर आहे कुणाची? फोन करून महिनाभर पुढे ढकललं. घशातून दुर्बीण घालतात त्याची भीती वगैरे अजिबात नाही. बायकोला सांगितलं, डॉक्टरच सुट्टीवर आहेत.

९ मार्च
संकल्प: रोज कोमट पाणी, तेलकट बंद. नळी आपोआप साफ राहील.
संध्याकाळी तळलेलं खाल्लं. पण उभ्याउभ्या. ते धरायचं नाही.

१९ मार्च
अंगाला खाज. साबण बदलला.

२२ मार्च
खाज आहेच. पुन्हा साबण बदलला. लघवी गडद. कोमट पाणी कमी पडतंय.

२५ मार्च
मेहुणा आला होता. म्हणे, दाजी, डोळे पिवळे झालेत. बँकेतल्या माणसाला रंगातलं काय कळतं! आरशात पाहिलं. फार तर आयव्हरी. शिवाय ट्यूबलाइट जुनी.

२६ मार्च, सकाळी
बायकोने माझ्या बॅगेतून शेड कार्ड काढून थेट डोळ्याशी धरलं. म्हणाली, लेमन. मी म्हटलं, अठरा वर्षं धंद्यात आहे, आण इकडे. खिडकीपाशी आरसा घेऊन स्वतः जुळवलं. लेमनच. मॅचिंग मात्र परफेक्ट!
सोमवारी डॉक्टरांना फोन करीन.

दुपारी ३
हुडहुडी. दोन चादरी, तरी दात वाजतायत. ताप एकशे तीन. हवा बदललीय बहुतेक. बायकोने हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर सुट्टीवर नव्हतेच, हे तिला फोनवरच कळलं. फोन ठेवून सरळ बॅग भरायला घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२९ मार्च, हॉस्पिटल
नळी पार तुंबली होती. बदलली. इन्फेक्शन रक्तात उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असता तर... दुर्बीण कळलीसुद्धा नाही, गुंगीचं इंजेक्शन देतात. मागच्या वेळीही दिलं होतं. तरी घाबरलो. घाबरट आहे मी. लिहून टाकलं एकदाचं.
डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. बायकोला. मी तिथेच पलंगावर होतो. विचारलं, कधीची आहे? ती म्हणाली, तुम्हाला कशाला? गाडीत बसवीन तेव्हा कळेल.
डॉक्टरांनी मान डोलावली.