तिसऱ्या गिटारीची चौथी तार

मी, एलियास लुझोलो म्बुंगू, निवृत्त धर्मशास्त्रशिक्षक, बांदाल येथील ख्रिस्ती मंडळीचा वडील आणि तिच्या गायनवृंदातील तिसऱ्या गिटारीचा वादक, राहणार बांदाल, किन्शासा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती ढळावी म्हणून घरच्यांनी व मंडळीच्या वाद्य-समितीने जे जे करण्याजोगे होते ते सर्व केले. तरी परमेश्वराने ती राखली, याबद्दल प्रथम त्याची उपकारस्तुती. मजवर कोणाचे दडपण नाही. आग्रह मात्र सर्वांचाच आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते. हेही रागातच लिहीत आहे, परंतु हा राग पुरेसा शिजलेला आहे.

कलम पहिले : देह. आत्मा ज्याचा त्याच्या हाती. देह माझी स्वर्गवासी पत्नी एस्तेर हिच्या शेजारी पुरावा. पास्टर न्दोंगाला यांनी प्रवचन आवरते घ्यावे. प्रेतासमोर उभे राहिले की त्यांना इब्री शब्दांची फोड करण्याचा मोह होतो आणि ती फोड चुकते. आजवर मी पहिल्या बाकावरून खाकरून त्यांना सावध करीत आलो. त्या दिवशी मी पेटीत असेन, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

कलम दुसरे : घर. बांदालचे घर माझे जुळे मुलगे न्सिंबा व न्झुझी आणि त्यांच्या पाठची लांदू या तिघांस समान मिळावे. माझ्यामागे माझ्या मातृकुळातील मंडळी म्बांझा-न्गुंगूहून येतील, रडतील, जेवतील आणि जाताना खुर्च्या नेतील. रडण्यास व जेवण्यास माझी हरकत नाही. छपराचे पत्रे खिळ्यांसह जागच्या जागी राहावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी न्झुझी करील. तो मातादी बंदरावर नोकरीस आहे आणि कमी बोलतो; आमच्या घराण्यात हा गुण दुसऱ्या कोणात उतरलेला नाही.

कलम तिसरे : ग्रंथ. ग्रीक व लॅटिन ग्रंथ धर्मशास्त्रशाळेस द्यावेत. न्सिंबाने लहानपणी ज्यावर कढईतले गरम वडे ठेवले तो शब्दकोश न्सिंबासच द्यावा. डाग अजून वाचता येतात, शब्द येत नाहीत.

कलम चौथे : तारा. माझ्या तारा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्या कोणास जाव्यात हे लिहिण्यापूर्वी काही गोष्टी नोंदवणे भाग आहे. जिवंतपणी मी त्या वारंवार सांगितल्या, कोणी ऐकल्या नाहीत. मेलेल्याचे लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आमच्या तरुणपणी या शहरात तारा मिळत नसत. सायकलच्या ब्रेकची तार उसवून तिचा एकेक धागा आम्ही खुंटीला ताणत असू. त्या धाग्यात सूर होता, दया नव्हती. बोटांची सालपटे निघत. अशाच बोटांनी वाजवत असता एस्तेरने मला प्रथम पाहिले. तिचे वडील प्रचारक होते. माझ्या बोटांवरच्या चिंध्या पाहून त्यांनी तिला विचारले, "हा पोरगा गवंडी आहे का?"

"नाही बाबा, गिटार वाजवतो."

"मग गवंडीच बरा होता," ते म्हणाले. पुढे त्यांनी मुलगी दिली, पण हे वाक्य परत घेतले नाही.

ज्याने असल्या तारा सोसल्या आहेत त्याला आजची पोरे दुकानात जाऊन नुसती रंगीत पाकिटे पाहून तारा उचलतात हे पाहवत नाही. जाड तारेचा नाद भरदार असतो आणि जोराने छेडली तरी ती सूर सोडत नाही. पण तिच्या ओढीने मान वाकते, गिटारीची आधी आणि वादकाची नंतर. बारीक तार बोटास मवाळ, बोलण्यास स्वच्छ, आणि भर गाण्यात तुटण्यास सदैव तयार. पोलादाची तार कानात शिरते. निकेलची तार कानाशी बोलते. ज्याच्या हाताला घाम फार, त्याने टिकाऊ घ्यावी. ज्याचा हात कोरडा, त्याने गोड घ्यावी. हात पाहिल्याशिवाय तार निवडणारा माणूस पाय न पाहता जोडे घेतो.

न्सिंबा ब्रसेल्सहून लेप दिलेल्या तारा पाठवतो. त्या गंजत नाहीत. पण बोटाखालून साबण लावल्यासारख्या निसटतात आणि पहिल्या दिवसापासून किंचित पेंगत असतात. त्याचा फोन येतो:

"बाबा, लावल्या का? वर्षभर बघावं लागणार नाही. बदलायचा त्रासच नको."

"त्रास नको असता तर मी ढोल घेतला असता."

"तुम्हाला काहीही पाठवलं तरी नावच ठेवायचं."

"नाव नाही ठेवत. मेणबत्ती चांगलीच असते, न्सिंबा. तिच्यावर भात शिजत नाही, एवढंच."

तथापि या तारा वाया जाऊ नयेत. आमच्या ठेक्याच्या गिटारीचा वादक सारी उपासनाभर हात थांबवत नाही आणि त्याच्या घामाने तार आठवड्यात काळी पडते. न्सिंबाच्या तारा त्यास द्याव्यात. तिथे त्या शोभतील, आणि मुलाची भेट मी नाकारली असेही होणार नाही.

वाद्य-समितीविषयी एक गाऱ्हाणे नोंदवून मगच मी मरू इच्छितो. गतवर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी समितीने सर्व गिटारींच्या तारांस पामतेल चोळले. कुदळीला चोळतात, मग तारेला का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या सकाळी आमच्या पहिल्या गिटारीतून तळलेल्या माशांचा वास येत होता; सूर येत नव्हता. तार कोरड्या सुती फडक्याने पुसावी, वाजवून झाल्याबरोबर, अंगणातल्या गप्पांस बसण्यापूर्वी. याहून अधिक काही नाही. मोशेस पर्वतावर याहून कठीण आज्ञा मिळाल्या आणि लोकांनी निदान ऐकून तरी घेतल्या.

डब्यातील बाकीच्या साध्या निकेलच्या तारा गिटारीबरोबर जातील.

कलम पाचवे : गिटार. ही माझी खरी मालमत्ता, आणि भांडण होणार ते हिच्यावरून. ती मी एका ग्रीक व्यापाऱ्याकडून, तो दुकान आवरून मायदेशी निघाला तेव्हा घेतली. मी ती प्रथम उपासनेस आणली त्या दिवशी वडीलमंडळी म्हणाली की विजेची गिटार ही गुत्त्यातली वस्तू. मी म्हणालो, तंतुवाद्यांनी स्तवन करावे अशी आज्ञा आहे. तारेत वीज असावी की नसावी याविषयी शास्त्र मौन पाळते, आपणही पाळावे. त्यांनी पाळले. ती पिढी निराळी होती.

आमच्या वृंदात पहिली गिटार गाते, दुसरी ठेका धरते, आणि तिसरी या दोघींच्या मध्ये, दोन बहिणींमध्ये समेट घालणाऱ्या मावशीसारखी, अखंड बोलत राहते. तिन्हींना सारख्याच तारा चढवल्या तर तिसरी आणि दुसरी एकाच जागी बोलू लागतात आणि त्याचा चिखल होतो. म्हणून या शहरातील आमच्या आधीच्यांनी तिसऱ्या गिटारीची जाड चौथी तार काढली आणि तिथे पहिल्या तारेसारखीच बारीक तार घालून ती एक सप्तक वर लावली. पाहणाऱ्यास ती चूक वाटते. ऐकणाऱ्यास तिचे कारण लख्ख कळते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मायाला गेल्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी माझ्या आधी मंदिरात पोहोचला आणि मामाला मदत म्हणून त्याने गिटारीस नव्या कोऱ्या जाड तारा चढवल्या; चौथीसुद्धा. पहिले गीत सुरू झाले आणि माझी गिटार ठेक्याच्या गिटारीवर जाऊन बसली. नाचत दान आणणाऱ्या बायका मध्येच नाच सोडून नुसत्या चालू लागल्या. उपासनेनंतर मी त्यास गाठले.

"मामा, तुमची चौथी तार चुकीची होती," तो आनंदाने म्हणाला. "नीट करून ठेवली."

"चुकीची, हे कोणी सांगितलं?"

"पाकिटावर चित्र आहे ना. मला वाटलं, तुमच्याकडे उरलेली तुटकी तार होती ती लावलीत. म्हातारपणी माणूस काटकसर करतो."

"पाकीट छापणारा कधी बांदालला आला होता?"

"सगळ्या जगात अशीच लावतात, मामा."

"सगळ्या जगात तिसरी गिटार नाही, मायाला."

हाच मायाला रूढीप्रमाणे माझा वारस आहे. आमच्यात पुरुषाची वस्तू बहिणीच्या मुलाकडे जाते; माझी स्वतःची मुले एस्तेरच्या कुळाची. माझी बहीण मातोंदो हिने हे मला नीट बजावले आहे: "एलियास, आईच्या पोटाचं आईच्या पोटाकडे राहतं. उद्या कुळातले विचारतील, तर मी काय सांगू? भावाने गिटार परक्यांना दिली?"

"लांदू परकी?"

"माझ्या मांडीवर वाढली, ते वेगळं. कुळ वेगळं."

लांदू गेली अनेक वर्षे माझ्या आजारपणात ती गिटार वाजवत आली आहे. मी गेल्यावर गिटार कुळाकडे, म्बांझा-न्गुंगूला गेली तर चौथी तार जाड होईल, आणि आमच्या मंडळीतील तिसरी गिटार माझ्याबरोबर पुरली जाईल. मला मरणाची धास्ती नाही, याची आहे.

म्हणून एका रविवारी, खारा मासा आणि पानात उकडलेला कसाव्याचा क्वांगा पुढ्यात असता, मी शलमोन राजाचा मार्ग धरला. एका बालकावर दोन स्त्रियांनी हक्क सांगितला तेव्हा त्याने बालकाचे दोन तुकडे करण्यास तलवार मागवली आणि जी मागे सरली तिला आई ठरवले. मी जाहीर केले की गिटारीचे लाकूड मायालास द्यावे आणि तारा, खुंट्या व मान लांदूस.

मायालाने मान खाली घातली. मंडळीच्या नाटकात तो दर वर्षी संदेष्टा होतो, तेव्हाचाच तो चेहरा. "नको मामा," तो म्हणाला. "तोडू नका. तिलाच द्या."

मी लांदूकडे पाहिले. ती माशातले काटे काढीत होती.

"बाबा, ही गोष्ट रविवारच्या शाळेत मीच शिकवते," ती म्हणाली. "मायालादादालाही मीच सांगितली होती. जो नको म्हणतो त्याला मिळतं, हे त्याला ठाऊक आहे. मला शलमोन नको. मला गिटार हवी. अख्खी. नाही दिलीत तर मी भांडेन, आणि आत्याशीही भांडेन."

"बघा, कशी बोलते," मायाला म्हणाला.

"खरं बोलते. तू खोटं बोललास."

"मी शास्त्राप्रमाणे बोललो."

शास्त्र सर्वांस पाठ असलेल्या घरात न्यायनिवाडा करणे किती जिकिरीचे आहे, हे शलमोनाने कोठेही लिहून ठेवलेले नाही.

अखेर मातोंदोताईच म्हणाली, "दोघांनी वाजवा. आपापल्या तारा लावून. मी पाठ करून बसते." मायालाने पाकिटावरच्या चित्राप्रमाणे तारा लावल्या आणि वाजवले, नाद मोठा होता आणि त्यात खोट नव्हती. ताई आंब्याच्या झाडाकडे पाहत स्वस्थ बसून राहिली. मग लांदूने तारा बदलल्या, शेजारी राहणाऱ्या, ठेक्याची गिटार वाजवणाऱ्याला हाक मारून बोलावले, त्याचा ठेका ऐकत चौथी बारीक तार हळूहळू वर चढवली, आणि मग बोटे सोडली. थोड्या वेळाने ताईचे खांदे हलू लागले.

"ताई," मी म्हणालो, "खांदे हलले."

"पाठ दुखते माझी."

"तालात दुखते?"

"जेवण निवतंय, एलियास."

सबब मी असे लिहून ठेवतो की गिटार, तिची पेटी, डब्यातील निकेलच्या तारा आणि तार कापण्याची पक्कड ही सर्व लांदूस मिळावीत, रूढी काहीही म्हणो. ती वाजवू शकेनाशी झाली की तिने ती आपल्या मुलांस न देता, जो चौथी तार पाहून काही न विचारता सूर लावील त्यास द्यावी.

कलम सहावे : मायाला. माझा मोठा ध्वनिवर्धक मायालास द्यावा. जोरात वाजणे ही त्याची आवड आहे आणि ती पुरवणारे यंत्र त्याच्याकडे असणे न्याय्य आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. अथवा केवळ टोमणा म्हणून लिहीत नाही. एस्तेरच्या शेवटच्या आजारात रस्ता पाण्याखाली होता तेव्हा तिला पाठीवर घेऊन इस्पितळापर्यंत गेला तो मायालाच. तारांतले त्यास काही कळत नाही. माणसांतले कळते. त्याने दर रविवारी लांदूच्या मागे उभे राहून ध्वनिवर्धक सांभाळावा, आणि तिच्या गिटारीस हात लावू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे, खोडलेले काही नाही, आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे. परमेश्वर माझ्या मुलांना सुबुद्धी देवो, आणि समितीला कोरडे फडके.

बांदाल, किन्शासा
१४ सप्टेंबर २०१९

(सही) एलियास लुझोलो म्बुंगू

साक्षीदार :

(सही) पास्टर जोनास न्दोंगाला. कलम पहिल्यातील इब्री भाषेविषयीच्या मजकुरास हरकत नोंदवून.

(सही) मातोंदो न्सोना, थोरली बहीण. मला हे सगळं वाचून दाखवलं. पटलेलं नाही. गिटार कुळाबाहेर जाते आहे, हे मी म्हणाले होते आणि अजूनही म्हणते. पण पाठ दुखत नव्हती. कुळातले लोक विचारायला आले तर त्यांना आत सोडू नका, माझ्याकडे पाठवा. मी दारात खुर्ची टाकून बसेन. लांदूने आत वाजवत राहावं.