पांढऱ्या झाकणाची बाटली

मंगळवार, ६ फेब्रुवारी

लघवी तपासायचं पहिलं प्रॅक्टिकल. नाकं मुरडत गेलो, अर्ध्या तासात सरावलो! टेबलावर तीन बाटल्या. लाल झाकणाची – प्रथिनं. निळी – साखर. पांढरी – नॉर्मल, तुलनेसाठी. आजारी माणसाचं काही नसतंच म्हणे. प्रयोगशाळेतले काका सकाळी निरोगी लघवी घेतात, एकीत अंड्याचा पांढरा भाग ढवळतात, दुसरीत ग्लुकोज. अख्खं कॉलेज त्यांना अंडेकाका म्हणतं. निरोगी लघवी कोणाची, विचारलं तर सगळे हसले. 'काकांचीच! आणखी कोण देणार?'

पांढरी कोणी तपासत नाही. माझं लवकर उरकलं, बर्नर चालूच होता, म्हणून थोडी नळीत घेऊन तापवली. वर पांढुरका ढग. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकले तरी हटेना. म्हणजे प्रथिनं! शेजारी चिमणी – हॉस्टेलच्या खोलीतही शेजारी, इथेही शेजारी – तिला कोपर मारून दाखवलं. तिने मानही वर केली नाही. 'पांढरी नॉर्मलच असते गं. लिही.'

लिहिलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

नळी नीट धुतली नसणार मी. विषय संपला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

संपला नाही. आज ढग जास्त दाट. बाटली हलवली तर फेस आला, तो तास संपेपर्यंत बसला नाही.

मॅडमना सांगितलं आणि पस्तावले. त्यांनी सगळ्यांसमोर काकांना झापलं. 'अंडं कुठल्या बाटलीत घालताय, तेवढं तरी बघत जा!' काका बिचारे कानाला हात लावून सांगत होते, पांढरीला मी शिवत नाही. कोणी ऐकलं नाही. मॅडम म्हणाल्या, जर्नलमध्ये जे यायला हवं तेच लिहा. मीही लिहिलं. मला माझाच राग आलाय.

शनिवार, १७ फेब्रुवारी

चिमणीचे डोळे सकाळी इतके सुजलेले की फटी तेवढ्या दिसतात. म्हटलं, झोपेत रडतेस की काय? म्हणाली, 'दहा तास झोपते, डोळ्यांना उघडायची सवयच राहिली नाही!' कुंभकर्णाची धाकटी बहीण.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज पांढरीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला.

साचे दिसले. नळीच्या आकाराचे, लालसर, आत रक्तपेशी गच्च. हे साचे मूत्रपिंडाच्या आतच घडतात, तिथल्या बारीक नळ्यांत. अंड्याने प्रथिनं दाखवता येतील, साचा कोणालाही करता येणार नाही. म्हणजे चूक नाही. दर मंगळवारी कोणीतरी आपलं आजारी मूत्रपिंड बाटलीत भरून आमच्यापुढे ठेवतंय, आणि आम्ही चाळीस जण लिहितोय – नॉर्मल!

चिमणी वैतागली. 'त्या बाटलीने तुला पछाडलंय.' ती पांढरी कधी तपासतच नाही. बसायच्या आधी रकाना भरून मोकळी. एवढी खात्री कशी असते कोणाला?

दुपारी एकटी परत गेले. सगळ्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या. एक पांढरी तेवढी खिडकीत, उन्हात. सकाळचा फेस अजून तसाच होता. कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. वळून पाहिलं, कोणी नव्हतं. पळतच बाहेर आले, लाज वाटली.

शनिवार, २४ फेब्रुवारी

काकांना स्पष्टच सांगितलं, बाटलीचं नाव मात्र काढलं नाही, तिच्यापायी एकदा बोलणी खाल्लीत त्यांनी. 'रक्त तपासून घ्या. मूत्रपिंडांचं काहीतरी आहे.' आधी हसले. मग हसायचे थांबले. 'पोरी, घाबरवू नकोस गं.' म्हटलं, आत्ता कळलं तर औषधं आहेत, उशीर झाला तर यंत्राला जोडून जगावं लागेल. चला.

मीच घेऊन गेले. चिमणीही येणार होती, पण जिन्यातच बसली. म्हणे दम लागतो. स्वतःच्या चपला चावतात म्हणून आठवडाभर माझ्या घालतेय, माझ्या दोन नंबरांनी मोठ्या! सैल करून ठेवणार बहुतेक.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

नळी तापवली. आतलं सगळं दह्यासारखं थिजलं. उलटी केली तरी पडलं नाही.

चौथ्यांदा लिहिलं. नॉर्मल. गुण जर्नलवर आहेत ना! काकांचा रिपोर्ट शुक्रवारी.

शुक्रवार, १ मार्च

काका रिपोर्ट फडकावत आले. मूत्रपिंडं ठणठणीत! मला रडूच फुटलं. मग डोकं चालायला लागलं. मग ती बाटली?

'माझी कुठली? मला साखर निघाली तेव्हापासून देत नाही मी, झाली की सात वर्षं. आता दर बॅचमधलं एक पोर निवडतो. जानेवारीत तुमची सगळ्यांची तपासणी झाली ना, त्यात सगळ्यात स्वच्छ जिची होती, तिला सांगितलं. दर मंगळवारी गुपचूप आणून देते. नाव फोडायचं नसतं, पोरं चिडवतात.'

कोण, काका?

सांगेनात. मी दोन्ही हात जोडले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचाही चेहरा उतरला.

'तुला माहीत नाही? तुझ्याच खोलीत राहते की.'

शनिवार, २ मार्च. सकाळ

चिमणी अजून झोपलीय. पांघरूण हळूच सारलं. तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला. बघत बसले, भरून येईना.

ती झोपेतच पुटपुटली, 'नॉर्मल आहे गं. लिही.'